कारचा ऑइल फिल्टर बाइकला चालेल का?

प्रश्न: माझ्या बाइकला कारचा एक ऑइल फिल्टर आरामात बसतोय, आटे पण तेच आहेत, मग लावू का?

उत्तर: नका लावू हो. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं नसतं, आतला बायपास व्हॉल्व (फिल्टर तुंबला की ऑइल न गाळताच पुढे सोडणारी झडप) किती प्रेशरला उघडतो, रबरी गॅस्केटचा (ऑइल गळू नये म्हणून असलेल्या रिंगचा) व्यास किती हे पण जुळावं लागतं. गॅस्केट जुळलं नाही तर ऑइल गळू शकतं, आणि व्हॉल्व लवकर उघडणारा असला तर न गाळलेलंच ऑइल इंजिनात फिरत राहू शकतं आणि बाहेरून काही कळत पण नाही. मॅन्युअलमधला पार्ट नंबर बघून घ्या. आणि बसवताना जुनं गॅस्केट इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघाच, दोन गॅस्केट एकावर एक आले की ऑइल गळतं आणि ते मागच्या टायरवर गेलं तर गाडी घसरलीच समजा!