‘ताई, काही बदलणारच नाही ना?’

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता माणूस खुर्चीत टेकायच्या आधी, नुसते खांदे बघून अंदाज येतो. पूर्वी माझ्याकडे लोक लग्न, दहावी-बारावी, सासू आणि दारू घेऊन यायचे (अजूनही येतात, ते काही संपलेलं नाही), पण आता त्यात ही एक नवी रांग लागलीय. अख्खी उमर चळवळीत घालवलेले एक रिटायर्ड शिक्षक, लॉ करणारा बावीस वर्षांचा एक मुलगा, न्यू जर्सीतून ऑनलाइन सेशन घेणारी एक बाई, ती रात्री तिकडच्या बातम्या बघते आणि पहाटे इकडच्या आणि दोन्हीकडून खचते. झेंडे वेगवेगळे असतात, मी विचारत नाही. तक्रार मात्र एकच: आम्ही मुळापासून काहीतरी बदलायला निघालो होतो, सगळं उलट्या दिशेला चाललंय, मग करत राहायचं ते कशासाठी?

यातली एक केस सांगते. तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिला सुमन म्हणूया.

सुमन छत्तीस वर्षांची. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली, एका संघटनेत पूर्णवेळ. काम वनहक्काच्या दाव्यांचं. म्हणजे २००६ च्या कायद्यानं, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जे आदिवासी वनजमीन कसतायत त्यांच्या नावावर ती व्हायला पाहिजे, जास्तीत जास्त चार हेक्टर. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात दावा आधी गावाच्या वनहक्क समितीकडे, मग ग्रामसभा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती, आणि मधे कुठेतरी नकाशा जुळत नाही म्हणून सगळं परत खाली. सापशिडीच ती. हिनं शेकडो लोकांच्या फायली केल्या होत्या. नवऱ्यानं तिला माझ्याकडे पाठवलं, कारण ती दोनदोन वाजेपर्यंत मोबाइलवर बातम्या बघत बसायची, मुलीवर खेकसायची आणि गेले चार महिने संघटनेच्या मीटिंगला काहीतरी कारण काढून जात नव्हती.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "ताई, मला डिप्रेशन वगैरे नाहीये. मला फक्त खरं दिसायला लागलंय."

हे वाक्य मी हसण्यावारी नेत नाही, कुणीही नेऊ नये. भोवतालचं वाईट चाललंय हे दिसणं म्हणजे आजार नव्हे. आमच्यातले काही समुपदेशक असं माणूस आलं की लगेच दीर्घ श्वास आणि पॉझिटिव्ह थिंकिंगकडे वळतात, मला ते अपमानास्पद वाटतं. ज्या बाईला जिल्हा समितीच्या बैठकीच्या तारखा तोंडपाठ आहेत तिला तुम्ही काय ग्लास अर्धा भरलेला दाखवणार?

पण मग मी तरी काय केलं? मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतली, त्यामुळे माझं लक्ष आधी जातं ते ‘च’ कडे. हे व्हायलाच पाहिजे, माझ्या हयातीतच झालं पाहिजे. हा ‘च’ माणसाला आतून पोखरतो असं माझं एकोणीस वर्षांचं मत आहे आणि बहुतेकदा ते खरं ठरतं. मी तिला तेच समजावलं, चांगलं वीस मिनिटं, कागदावर लिहून वगैरे. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ताई, ‘च’ काढून टाकला तर मोर्चा निघत नाही. ‘जमीन मिळाली तर बरं’ असं म्हणत कुणी नाशिकहून मुंबईला चालत जात नाही."

ती गेली होती चालत. मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च, एकशे ऐंशी किलोमीटर. मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही, आणि आता वाटतं तेच बरं झालं.

पुढच्या वेळी मी दुसरं अस्त्र काढलं, इतिहास. (मला इतिहासाची हौस आहे, क्लायंटना सहन करावं लागतं.) म्हटलं, महाड बघ. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेनं तो उचलला १९२४ ला, आणि तरी १९२७ च्या मार्चपर्यंत तळ्यावर जायची कुणाची छाती झाली नाही. लोक गेले, पाणी प्यायले, तर मारहाण झाली. मग सनातन्यांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं, नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला, डिसेंबरला हजारो लोक परत जमले तर कोर्टाचा मनाईहुकूम. मनुस्मृती जाळली, पण पाण्याला हात न लावता सगळे घरी परतले. आणि हायकोर्टात निकाल बाजूनं लागला तो १९३७ ला! म्हटलं, त्या डिसेंबरात महाडहून पायी घरी जाताना तुला कुणी विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?

"म्हणाले असते हरलो," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, जमलं. तेवढ्यात पुढे, "पण ताई, त्यांच्याकडे बाबासाहेब होते. आमच्याकडे कोणेय? आणि तुमच्या इथल्या, नाशिकच्या काळाराम मंदिराचं काय झालं? १९३० पासून पाच वर्षं सत्याग्रह केला, उघडलं का देऊळ?"

उघडलं नव्हतं. दुसऱ्यांदा मी गप्प.

हे सगळं सांगतेय कारण समुपदेशकाची फजिती कुणी लिहीत नाही. आम्ही जिंकलेल्या केसेसच सांगतो.

त्यानंतर दोन सेशन मी काही समजावलंच नाही, नुसती विचारत राहिले. त्या मोर्चात शेजारी कोण चालत होतं? पायाला फोड आले तेव्हा चप्पल कुणी दिली? ती हळूहळू सांगायला लागली. शेवटच्या रात्रीचं सांगितलं, दिवसभर चालून मुंबईत सोमय्या मैदानावर टेकले होते, पण सकाळी दहावीचा पेपर, पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून लोक रात्रीच उठले आणि अंधारात आझाद मैदानापर्यंत चालले. तिच्या बाजूला तिच्याच पाड्यावरची एक म्हातारी होती, सगळे आत्याबाई म्हणतात. शाळेचं तोंड न बघितलेली. रात्री दोन वाजता तिनं सुमनला विचारलेलं, "परीक्षा हाय कुनाची नेमकी?" आणि दोघी त्या अंधारात हसत सुटल्या होत्या.

मला सांगताना पण हसली, चार महिन्यांत पहिल्यांदा असं नंतर नवऱ्यानं सांगितलं.

मी सहज विचारलं, खरंच सहज, त्यात काही टेक्निक नव्हतं, "आत्याबाई आता काय करतात?"

"काय करणार. दावा अजून अडकलाय. दर महिन्याला येते ऑफिसला. विचारते, आला का कागद? नाही म्हटलं की शिव्या देते, मग बाहेर झाडाखाली बसून भाकरी खाते आणि जाते."

"तशीच निघून जाते?"

"नाही, आधी परत आत जाते. तारीख विचारायला. पुढच्या महिन्यात कधी येऊ ते कॅलेंडरवर दाखवायला लावते, आकडे वाचता येत नाहीत ना तिला, मग बोटानं मोजून घेते बाजाराचे वार किती मधे."

आणि सुमन थांबली. मी घड्याळ बघितलं नाही पण दोनेक मिनिटं तरी गेली असतील, खिडकीतून खाली भाजीवाल्याची आरोळी ऐकू येत होती तेवढंच. मग ती म्हणाली, "ताई, मी तारीख विचारायचं सोडलंय."

तेव्हा रडली. बराच वेळ.

यातून मला जे कळलं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुमनला आशा म्हणजे भाकीत वाटत होतं. बदल होईल अशी खात्री असेल तर आशा, खात्री नसेल तर निराशा. शिकलेल्या माणसांचा हा घोळ फार होतो, कारण आपण अंदाज बांधण्यात हुशार. आत्याबाईंकडे अंदाज काहीच नव्हता. कागद येईल असं त्यांना वाटत होतं का? सुमनच्या मते बहुतेक नव्हतं वाटत! तरी वार मोजायच्या. निकालाबद्दल पूर्ण साशंक राहून पुढची तारीख घेता येते, आणि ‘च’ पण शाबूत ठेवता येतो. माझा ‘च’ चा सिद्धांत त्यामुळे मोडला नाही, जरा वाकला. आता मी ‘जमीन मिळालीच पाहिजे’ मधला ‘च’ काढायला सांगत नाही, ‘मला आधीच कळलं पाहिजे की मिळणार’ यातल्या पाहिजेला हात घालते.

आणि दुसरं, रडण्याचं. चळवळीत दुःखाला जागाच नसते हो. २०१८ ला सरकारचं लेखी आश्वासन, २०१९ ला परत चाललो, २०२३ ला परत चाललो, दरवेळी वरून ‘लढेंगे, जीतेंगे’. घोषणा हवीच, पण जे हरलं त्याचं सुतक कुणी पाळलं नाही. ज्यांचे दावे फेटाळले गेले आणि जे वाट बघता बघता वारले त्यांची नावं सुमननं माझ्यासमोर एकेक करून घेतली. अकरा नावं. मी फक्त वहीत लिहून घेतली.

तुमच्यापैकी कुणी याच खांद्यांनी वावरत असेल तर मी काय सांगते ते सांगून टाकते. बातम्या बंद करू नका, तो पलायनाचा सल्ला आहे, पण रात्री एकट्यानं बघू नका. सकाळी बघा, आणि त्याच दिवशी कुणा एकाशी समोरासमोर बोलणार असाल तरच जास्त बघा. मोठ्या बदलाचा हिशोब एकट्यानं मांडू नका, तो एकट्याला नेहमी तोट्यातच दिसतो. आपल्या कामाचा एक तुकडा असा निवडा ज्याला तारीख आहे, ग्रामसभा असेल, एखादा माहिती अधिकाराचा अर्ज असेल (तीस दिवसांत उत्तर यायला हवं, म्हणजे तारीख आपोआप मिळते), नाहीतर मोहल्ल्यातली गुरुवारची बैठक. थकलात तर सुट्टी घ्या, पण कुणालातरी सांगून घ्या, सुमनसारखं कारणं काढत गायब होऊ नका, कारण मग परतीच्या वाटेवर लाज उभी राहते.

रस्ता बदलावासा वाटला तर ती गद्दारी मानू नका. देऊळ उघडत नाही म्हटल्यावर बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात वेगळीच, धर्म सोडण्याची घोषणा केली, तो पराभव होता का? आणि सुमनच्या ‘आमच्याकडे कोणेय’ चं उत्तर मला फार उशिरा, एका संध्याकाळी भांडी घासताना सुचलं. काळारामाचा सत्याग्रह रोजच्या रोज चालवणारे भाऊराव म्हणजे दादासाहेब गायकवाड आंबे दिंडोरीचे, सुमनच्या शेजारच्या भागातलेच. त्यांनीच पुढे १९५९ ला आणि परत १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. जमिनीसाठी! पाच वर्षं बंद दारापुढे जो माणूस तयार झाला तो नंतर तिथे वापरला गेला. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "हे आधी सांगायचं ना, पहिल्या दिवशी." बरोबर आहे, पण पहिल्या दिवशी तिनं ऐकलं नसतं.

घरच्यांनाही एक विनंती. ‘सोड ना ते, तुला काय करायचंय जगाचं’ हे प्रेमानं म्हटलेलं वाक्य असतं, पण समोरच्याला ते असं ऐकू येतं की तुझी इतकी वर्षं फुकट गेली. त्यापेक्षा आज काय झालं तिथे, एवढंच विचारा.

आणि हे सगळं कधी पुरत नाही तेही सांगते. झोप, जेवण आठवडेच्या आठवडे गेलं असेल, किंवा जगूच नये असं मनात यायला लागलं असेल, तर राजकारण, चळवळ सगळं बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. गोळ्या घेतल्या म्हणून कुणी कमी क्रांतिकारक होत नाही.

सुमन नऊ सेशनला आली, मग मीच म्हटलं आता लागेल तेव्हा ये. देशाबद्दलचं तिचं मत काही सुधारलेलं नाही, माझ्यापेक्षा काळंच आहे अजून. गेल्या महिन्यात मेसेज आला: "ताई, आज आत्याबाईसोबत गेले होते ऑफिसला. कागद नाही. शिव्या दोघींनी दिल्या. २२ तारीख दिलीय, मधे तीन बाजार."