बांधावरचा सब्जा, मांडवातल्या माश्या

प्रश्न : कारल्याच्या मांडवात मधमाश्या याव्यात म्हणून गेल्या जूनमध्ये बांधावर सब्जा लावला. किराणा दुकानातलं बी रात्रभर भिजवून काकरीत टाकलं, वर माती ओढली. मोजून दहा-बारा रोपं आली. काय चुकलं? (एक वाचक, ता. अंबड, जि. जालना)

उत्तर : भिजवणं चुकलं आणि गाडणं चुकलं. सब्जा भिजला की त्याभोवती बुळबुळीत आवरण धरतं, दाणे एकमेकांना चिकटतात आणि गोळाच्या गोळा एका जागी पडतो. त्यावर दोन बोटं काळी माती आणि पावसानंतर तिची पापडी. एवढ्या बारीक बियाचा कोंब ती फोडू शकत नाही.

किराणा दुकानातलं बी चालतं, मात्र आधी पारखून घ्या. पाण्यात फुगलं म्हणजे जिवंत आहे असं नाही. मेलेलं बीही तसंच फुगतं. ओल्या फडक्यात 20 दाणे ठेवा. आठवड्यात 14-15 दाण्यांना मोड आले तरच ते पेरा.

100 मीटर बांधाला चहाचा एक चमचा बी पुरे. कोरड्या चाळलेल्या वाळूत कोरडंच मिसळा, चांगली ओल झाल्यावर भुसभुशीत केलेल्या पट्टीवर ओळीने भुरभुरा आणि वर चाळलेलं शेणखत जेमतेम बी झाकेल इतकंच टाका. पाणी साचणारी जागा टाळा, तिथे रोपांची मूळं कुजतात. चार-सहा पानांवर विरळणी करून रोपांत फूटभर अंतर ठेवा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. फांद्या वाढतात, तितक्या मंजिऱ्याही वाढतात.

पेरणीपासून फुलायला साधारण दोन महिने लागतात, कारलं त्याआधी फुलतं. म्हणून सब्जा कारल्याच्या तीन आठवडे आधी पेरा. सकाळी मंजिरीजवळ बसून पाहा : पुंकेसर फुलाच्या खालच्या, ओठासारख्या पाकळीवर टेकलेले असतात, त्यामुळे माशी बसली की पराग तिच्या पोटाला लागतात. फुलोरी, सातेरी, आग्या, तिन्ही जातींच्या मधमाश्या येतात. म्हणूनच विनंती आहे, कारल्यावर फवारायचंच झालं तर दिवस मावळल्यावर फवारा आणि वारा बांधाकडे असेल तर त्या दिवशी थांबा. आपणच बोलावलेल्या माश्या आपल्याच औषधाने मरू नयेत.

प्रश्न : पडीक रानात रानतुळस माजली आहे. माश्या तिच्यावरही दिसतात. तीच बांधावर आणू का? (एक वाचक, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : आणू नका. ‘रानतुळस’ हे नाव लोक दोन-तीन झाडांना देतात. माजलेली बहुधा विलायती तुळस असते, मूळ अमेरिकेतली. तिची फुलं निळसर-जांभळी, पानांच्या बेचक्यात झुपक्याने येतात. सब्जाची पांढुरकी फुलं शेंड्याच्या मंजिरीत असतात. विलायतीच्या वाळलेल्या बोंडाला सुईसारखी टोकं असतात, ती धोतराला, जनावरांच्या केसांना चिकटतात आणि बी गावभर फिरतं. कुरणात शिरली तर गवत हटवते. बियाची परीक्षा इथे उपयोगाची नाही, दोन्हींचं बी पाण्यात फुगतं. फुलण्याआधी, ओल असताना मुळासकट उपटा.

प्रश्न : पावसाने खंड दिला तर सब्जाला पाणी द्यावं का? (एक वाचक, जि. बीड)

उत्तर : पहिले तीन आठवडे ओल तुटू देऊ नका. पुढे दुपारी पानं माना टाकतील, त्याची काळजी नको. सकाळीही मान खालीच असेल तर एक पाणी द्या.