बीएमडब्ल्यू थ्री सिरीजला नवे टायर घेताय? आधी हे बघा

अभिनंदन, गाडी झकास घेतलीत! टायर कुठल्या कंपनीचे घ्यायचे आणि मोठे अलॉय टाकायचे का, असं विचारताय; कंपनीचा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. पुढचं-मागचं माप वेगळं असू शकतं, उदाहरणार्थ पुढे 225/45 आर 18, मागे 255/40 आर 18. मापाबरोबर लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंगही (किती वेगापर्यंत चालतो) जुळलंच पाहिजे. "थोडं कमी चालतं, साहेब" असं कोणी म्हणालं तर सरळ दुसरं दुकान गाठा.

सगळ्यात जास्त चुकतं ते रनफ्लॅटचं, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या टायरचं. तो कडक असतो, ठाण्याच्या घोडबंदर रोडचा प्रत्येक खड्डा कमरेत जाणवतो, म्हणून लोक साधे टायर टाकतात. टाका, मीही टाकलेत. पण यातल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते. हवा गेलेला रनफ्लॅट ताशी 80 च्या आत ठेवला तर साधारण 80 किमी नेतो; साधा टायर रात्री गायमुखच्या चढावर बसला की तिथेच अडकलात. पंक्चर किट आणि हवेचा पंप डिकीत हवाच. आणि दोन रनफ्लॅट, दोन साधे अशी खिचडी अजिबात नको.

टायर कधी बनला ती तारीख बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2325 म्हणजे 2025 चा 23वा आठवडा. मी एकदा न बघता बसवले, घरी येऊन टॉर्च मारला तर माल तीन वर्षं जुना! बसवण्याआधी स्वतः वाकून चारही वाचा.

आणि मोठे अलॉय, म्हणजे मोठ्या मापाची चाकं, सध्या नकोत. कायद्याने टायरच्या नक्षीची खोली 1.6 मिमीपर्यंत चालते, पण आपल्याकडच्या पावसात 3 मिमी उरली की बदला, तेही जूनच्या आधी.