एफओव्ही, म्हणजे एका वेळी दिसणारा कोन, वाढवायचाय ना, मग आधी डोळा आणि लेन्समधलं अंतर मोज

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीत इंजिनिअरिंगला आहेस, प्रदर्शनासाठी डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट बनवतोयस, ज्या आजी-आजोबांना आता चढण जमत नाही त्यांना कास पठार आणि सज्जनगड त्यातून दाखवायचाय. फार छान काम आहे हे, मनापासून सांगतो. एका डोळ्याला 50 मिमी रुंद, 1440 पिक्सेलचा पॅनेल (स्क्रीन), पुढं 25 मिमी व्यासाची आणि 45 मिमी फोकल लेन्ग्थची लेन्स, आणि दिसतंय मात्र नळीतून बघितल्यासारखं. म्हणून 25 मिमी फोकल लेन्ग्थची लेन्स लावून 90 डिग्री करू का, असं विचारलंयस.

कागदावर तुझं बरोबर आहे. पॅनेलची अर्धी रुंदी भागिले फोकल लेन्ग्थ, त्याचा टॅन इन्व्हर्स, गुणिले दोन. 45 ला साधारण 58 डिग्री येतात, 25 ला बरोबर 90. पण हे सूत्र फक्त पॅनेल आणि लेन्सचं आहे, त्यात बघणाऱ्याचा डोळा कुठंच नाही, आणि तुझा सगळा घोळ तिथंच आहे.

वाईकडच्या जुन्या वाड्यातली जाड भिंतीतली बारकी खिडकी बघितली असशील. नाक लावून उभं राहिलं की अख्खा घाट दिसतो, चार पावलं मागं सरकलं की नुसता एक तुकडा. बाहेरचा घाट तेवढाच असतो की. तुझी लेन्स म्हणजे ती खिडकी. डोळा 18 मिमी लांब असेल तर 25 मिमीच्या लेन्समधून जास्तीत जास्त 70 डिग्री दिसणार, आणि 25 मिमी लांब असेल तर फक्त 53. फोकल लेन्ग्थ कितीही कमी कर, 53 च. आता तुझं हेडसेट कोण घालणार? आजी-आजोबा, म्हणजे बहुतेक सगळे चष्मेवाले, त्यांचा डोळा 20-25 मिमीच्या अलीकडं येतच नाही. म्हणजे 90 डिग्रीची लेन्स आणून लावलीस तरी त्यांना 53 ते 64 च दिसणार, वर पिक्सेल मोठे दिसणार ते वेगळंच, कारण 1440 पिक्सेल 58 डिग्रीवर पसरले तर डिग्रीला 25 पडतात आणि 90 वर पसरले तर 16. चांगल्या नजरेला 60 पर्यंत फरक कळतो.

दुसरं म्हणजे डोळा एका जागी नसतो. डोळ्याचा गोळा फिरतो तेव्हा बाहुली त्याच्या मधल्या बिंदूभोवती फिरते आणि तो बिंदू बाहुलीच्या साधारण 10 मिमी मागं असतो, त्यामुळं 20 डिग्री बाजूला बघितलं की बाहुली साडेतीन मिमी सरकते. दोन्ही बाजूंचं मिळून 7, त्यात बाहुलीची स्वतःची रुंदी 3-4 मिमी, म्हणजे आयबॉक्स (बाहुली जेवढ्या जागेत हलली तरी चित्र दिसतं ती जागा) किमान 10 मिमी पाहिजेच, नाहीतर कडेला बघायला गेलं की चित्र काळं पडतं आणि आजी म्हणणार काय दिसतच नाही बाळा. लेन्सचा व्यास काढताना डोळ्याचं अंतर गुणिले टॅन अर्धा कोन, गुणिले दोन, अधिक आयबॉक्स. 25 मिमी अंतर आणि 90 डिग्रीला हा आकडा 60 मिमी येतो. माणसाच्या दोन डोळ्यांत सरासरी 63 मिमी अंतर असतं, म्हणजे दोन लेन्स जेमतेम शेजारी मावतील आणि मध्ये नाकाला जागाच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, 70 डिग्री धर. 50 मिमी व्यासाच्या, 70 मिमी फोकल लेन्ग्थच्या दोन प्लॅनो-कॉन्व्हेक्स (एक बाजू सपाट, एक फुगीर) लेन्स घे आणि फुगीर बाजू समोरासमोर करून चिकटून ठेव. दोन्ही मिळून फोकल लेन्ग्थ 35 येते, म्हणजे 70 च्या थोडं वर. चष्मा असून 25 मिमी अंतरावरही 14 मिमीचा आयबॉक्स शिल्लक राहतो. काच जड पडेल, अॅक्रिलिक मिळालं तर बघ. मोठ्या व्यासाने काय फरक पडतो ते डोळ्यांनी बघायचं असेल तर मिरजेत एखाद्या डोळ्याच्या डॉक्टरांना विनंती कर, पडदा तपासायची 28 डायॉप्टरची लेन्स त्यांच्याकडं असते, साधारण 40 मिमी व्यास, तुझ्या पॅनेलसमोर धरून बघ, विकत घ्यायची गरज नाही.

रुंदी अजून हवी असेल तर दोन्ही डोळ्यांचे लेन्स-पॅनेल 10-10 डिग्री बाहेर वळव. 70 चे आडवे 90 होतात, दोन्ही डोळ्यांना सामाईक 50 राहतात. कासचं पठार आडवं पसरलेलं आहे, तिथं हे शोभेल, पण सामाईक भागाच्या कडेला काहींना काळसर कोर जाणवते, आणि पायाजवळच्या फुलांची खोली कळायला दोन्ही डोळे लागतातच. सज्जनगडाच्या पायऱ्यांना मी वळवणार नाही.

आता चष्म्याइतकं पातळ का होत नाही ते. पॅनकेक लेन्समध्ये प्रकाश पोलरायझेशनने आतल्या आत परतवतात म्हणून डबा पातळ होतो, मेटाच्या क्वेस्ट 3 हेडसेटमध्ये तेच आहे, पण अर्धपारदर्शक आरशावर दोनदा अर्धा-अर्धा प्रकाश जातो, उरतो जास्तीत जास्त 25 टक्के, आणि पॅनेलचा प्रकाश पोलराइज्ड नसेल तर त्याचाही अर्धा. घरी जमवायला अवघड आहे, फिल्म जरा तिरकी बसली की भुताटकीसारखी दुसरी प्रतिमा दिसते. वेव्हगाइडमध्ये, म्हणजे पातळ काचेतून प्रकाश आतल्या आत परतवत डोळ्यापर्यंत नेणाऱ्या चष्म्यात, वेगळी अडचण. सगळे कोन काचेच्या क्रिटिकल अँगलच्या (ज्याच्या वर प्रकाश बाहेर न पडता आतच परततो) वरच बसवावे लागतात, साध्या काचेला तो 42 डिग्री, त्यामुळं जागाच कमी उरते. असल्या चष्म्यांपैकी 2019 च्या होलोलेन्स 2 ला तिरपे (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत) 52 डिग्री होते, मॅजिक लीप 2 ने 2022 मध्ये 70 गाठले, आणि मेटाने 2024 मध्ये दाखवलेल्या ओरायनने 70 च्या आसपास जायला सिलिकॉन कार्बाइड वापरलं, ज्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (अपवर्तनांक) 2.6 च्या पुढं आहे आणि क्रिटिकल अँगल 22-23 वर येतो. वेव्हगाइडमध्ये एवढ्या मोठ्या कंपन्या 70 वर अडल्या, तर तुझे 70 कमी समजू नकोस.

मोजायचं असं. पॅनेल जरा आत सरकव म्हणजे प्रतिमा एक-दीड मीटरवर दिसेल, स्क्रीनवर आकडे घातलेली वर्तुळं दाखव, भिंतीपासून एक मीटरवर बस, भिंतीवर मध्यापासून दोन्हीकडं 58 सेंटीमीटरवर चिकटपट्टी लाव, ती 30 डिग्रीची खूण. एक डोळा लेन्सला, दुसरा उघडा भिंतीकडं, दोन्ही चित्रं एकमेकांवर येतात, आणि खुणेपाशी कुठलं वर्तुळ येतंय त्यावरून खरा कोन कळतो. सरळ बघून शेवटचं दिसणारं वर्तुळ लिहून घे, मग कडेकडं बघून परत. हे चष्मा घालणाऱ्या माणसाकडून करून घे, स्वतः नको. कडेच्या रेषा बाहेर ताणलेल्या दिसतील, त्या सॉफ्टवेअरमध्ये उलट्या वाकव, लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळा.

आणि प्रदर्शन मांडवात असेल तर लेन्सवर झाकण ठेवच. उघड्या लेन्सवर थेट ऊन पडलं तर पॅनेलवर एका जागी गोळा होतं आणि तिथं कायमचा डाग पडतो.