बक्षीस वॉर्डला की फाइलला?

प्रश्न : आमचं साठ खाटांचं हॉस्पिटल आहे. डिस्चार्जला संध्याकाळ होते, ही नातेवाइकांची कायमची तक्रार. जो वॉर्ड वेळेत डिस्चार्ज करेल त्याला दर तिमाहीला पगाराव्यतिरिक्त रक्कम द्यावी, असा विचार आहे. योग्य होईल का?
— एक डॉक्टर, सांगली

उत्तर : डॉक्टर, एकट्या वॉर्डला पैसे लावलेत तर सिस्टर आणि बिलिंगची रोज जुंपेल. मी इन-चार्ज असताना हे पाहिलंय. राउंडला सर ‘आज सोडा’ म्हणून जातात. डिस्चार्जची समरी लिहायची आरएमओनं, म्हणजे निवासी डॉक्टरनं, तो ऑपरेशन थिएटरमध्ये. उरलेली इंजेक्शनं फार्मसीला परत जातात. तिथं एंट्री पडेपर्यंत बिल बंद होत नाही. मग कुठं कागद टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे बघणाऱ्या संस्थेकडे, निघतात. विमा नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची अंतिम मंजुरी 3 तासांत यायला हवी, पण विमा कंपनीचं घड्याळ आपण कागद पाठवल्यावर सुरू होतं. राउंड ते कागद रवाना, एवढाच वेळ मोजा. तो सगळा आपल्या हातातला.

तेव्हा टीम म्हणजे ती फाइल हाताळणारे सगळे : सिस्टर, आरएमओ, फार्मसी, बिलिंग आणि फाइल घेऊन जिने चढणारे मामा-मावशी. कंत्राटी असले तरी. रक्कमही सगळ्यांना सारखी. पगाराच्या टक्क्यांनी वाटलीत तर मावशीच्या हाती चहापाण्यापुरतंच येईल. आरएमओ कुरकुरतील, कुरकुरू देत. सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठीच्या ‘कायाकल्प’ योजनेतसुद्धा बक्षिसाचा पाव हिस्सा कर्मचाऱ्यांसाठी असतो.

घाईत अर्धवट समरी जाऊ नये म्हणून एक अट घाला : गोळ्यांचा डोस किंवा पुढची तारीख राहिली, तर ती फाइल वेळेत धरायची नाही.

पुढेमागे जंतुसंसर्ग कमी झाला, पेशंट पडले नाहीत म्हणून पैसे द्यायचा मोह होईल. देऊ नका. पेशंट पडायचे थांबत नाहीत, रजिस्टरमध्ये लिहिणं थांबतं. त्यापेक्षा हात धुतात का, हे दुसऱ्या वॉर्डच्या इन-चार्जला न सांगता येऊन बघू द्या आणि त्यावर गुण ठेवा. भरती किती झाली यावर तर दमडीही नको.

आणि ही रक्कम दिवाळीच्या बोनसमधून वळती करू नका. लोक हिशेब पक्का ठेवतात.