बाबांनी ट्रान्झिस्टर लावला नाही

प्रश्न : नमस्कार ताई. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यात आमची सहा एकर शेती आहे, त्यातली चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस. २०१४, २०१९, २०२४, तिन्ही वेळा मी आणि बाबांनी पंतप्रधानांकडे बघून मत दिलं. यंदा, २०२५ मध्ये, ७ ऑगस्टला ते दिल्लीत म्हणाले, शेतकऱ्यांच्या हिताशी कधीच तडजोड करणार नाही, त्याची मोठी किंमत स्वतःला मोजावी लागली तरी तयारी आहे. ते भाषण मी बाबांना मोबाईलवर दोनदा ऐकवलं. आणि १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ! आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग २८ ऑगस्टला बातमी आली की ३१ डिसेंबरपर्यंत. बाबा महिन्याच्या शेवटच्या रविवारी अकरा वाजता न चुकता 'मन की बात' लावतात. ३१ ऑगस्टच्या रविवारी त्यांनी ट्रान्झिस्टर लावलाच नाही. बोलले काहीच नाहीत. आता सीतादहीची, म्हणजे वेचणीआधीची पूजा करून पहिला वेचा काढला, खरेदी केंद्रावर नेला, तर ओलावा चौदा टक्के निघाला. गाडी परत. व्यापाऱ्यानं क्विंटलला ६,६०० नं मागितला. रागाच्या भरात मी नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या, तर पुण्याचे जावईबापू म्हणाले, अमेरिकेशी झुंज चालू असताना देशाच्या नेत्याविरुद्ध बोलणं म्हणजे देशद्रोह. माझं चुकलं का? आणि या रागाचं करू तरी काय?
— एक कापूस उत्पादक, काटोल तालुका

उत्तर : भाऊ, तुमचं काहीही चुकलं नाही. पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ट्रान्झिस्टरपाशी थांबले. इतकी वर्षं मन लावून ऐकणारा माणूस एका रविवारी गप्प बसतो, तेव्हा तो दुखावलेला असतो. त्याला देशद्रोही म्हणण्याआधी जावईबापूंनी काटोलला येऊन त्या माणसाशेजारी तासभर बसावं.

जावईबापूंच्या बोलण्यात तथ्य आहे तेवढं मात्र मान्य करू. २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. तिरुपूरच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांवर ते थेट येऊन आदळलं. तिथं मशीनवर बसणाऱ्या बाईच्या घरची चूल तुमच्या चुलीपेक्षा वेगळी नाही. कापूस स्वस्त मिळाला तर सूत स्वस्त पडेल आणि कारखाने तग धरतील, असा त्यामागचा हिशेब. ३० सप्टेंबरपर्यंतची माफी मी एक वेळ समजून घेईन, कारण तोवर आपला कापूस बोंडातच असतो. पण ३१ डिसेंबर? दसऱ्यापासून नाताळपर्यंत विदर्भाचा पहिला-दुसरा वेचा बाजारात उतरतो. दिल्लीत हे कुणाला ठाऊक नव्हतं, असं मी मानणार नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून इथे आपल्या नागपुरात आहे, वर्धा रोडला. एक फोन केला असता तरी कळलं असतं.

आणखी एक गोष्ट ग्रुपवर लिहा. हे शुल्क २०२१ च्या अर्थसंकल्पात याच सरकारनं लावलं, आणि ते शेतकऱ्याच्या भल्यासाठी असल्याचं अर्थमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल २०२२ ला ते माफ झालं होतं, पण तेव्हा कापूस दहा हजारांच्या वर होता. शेतकऱ्याच्या हातात पैसा होता, म्हणून फारशी ओरड झाली नाही. यंदा बाजार हमीभावाच्या खाली असताना दार उघडलं. त्या माफीत आणि या माफीत हा फरक आहे, आणि तो फरक तुमच्या ६,६०० मध्ये दिसतो.

हमीभावाचंही पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला क्विंटलला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. सरकार म्हणतं, खर्चाच्या दीडपट दिले. मध्यम धाग्याचा खर्च त्यांनी क्विंटलला ५,१४० धरला, आणि त्याची दीडपट बरोबर ७,७१० येते. गणित चोख आहे. पण त्या ५,१४० मध्ये बी-बियाणं, खत, फवारणी, मजुरी असा प्रत्यक्ष झालेला खर्च आणि घरच्यांची मेहनत एवढंच धरलेलं आहे. तुमच्या स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि गुंतवलेल्या स्थिर भांडवलावरचं व्याज त्यात येत नाही. शेतकऱ्यांसाठी नेमलेल्या स्वामिनाथन आयोगानं उत्पादन खर्चावर किमान पन्नास टक्के द्या, असं सांगितलं होतं, आणि शेतकरी संघटना त्या खर्चात हे सगळं धरतात. २० मार्च २०१४ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या दाभडीत 'चाय पे चर्चा' झाली, तेव्हा खर्चावर पन्नास टक्क्यांची भाषा खुद्द आजच्या पंतप्रधानांच्या तोंडी होती. सरकार आल्यावर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लिहून दिलं गेलं की तसा भाव दिला तर बाजार बिघडेल. २०१८ मध्ये दीडपट आली, ती या लहान खर्चावर. दाभडीच्या त्या पटांगणात जे लोक बसले होते, त्यांना हा बदल कुणी समोर बसून समजावून सांगितला का?

मला सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. धोरण चुकू शकतं. राज्य चालवणाऱ्याचे दहा निर्णय चुकतील, एखादा फारच चुकेल. पण बोललेला शब्द फिरवताना माणसानं समोर यायला हवं. तीन कृषी कायदे २०२० मध्ये घाईघाईनं आले, शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले, आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला ते मागे घेण्याचं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झालं. आणताना विचारलं नाही, नेतानाही विचारू दिलं नाही. १७ मे २०१९ ला पंतप्रधान पत्रकार परिषदेत बसले, पण प्रश्न एकही घेतला नाही. रेडिओवरून ते दर महिन्याला बोलतात, आणि तुमचे बाबा इतकी वर्षं ऐकत आले. बाबांना काही विचारायचं असलं, तर ते कुठं विचारायचं?

माझ्या वडिलांचं सांगते. ते नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते आणि इंदिराबाईंचे कट्टर भक्त. १९७५ च्या, आणीबाणीच्या पावसाळ्यात ते घरी यायचे तेव्हा पिशवीत जुनी प्रुफं असायची, पाठकोरा कागद आम्हाला गणितं सोडवायला म्हणून. मी तेव्हा अकरा वर्षांची. त्यांच्या खुणा बारीक असायच्या, समासात एखादा काना, एखादी वेलांटी. त्या पावसाळ्यात त्याच कागदांवर परिच्छेदच्या परिच्छेद लाल पेन्सिलीनं आडवे कापलेले दिसू लागले. एका रात्री वडिलांनी पोस्टकार्ड घेतलं आणि थेट पंतप्रधानांना लिहिलं की मी तुमचाच मतदार आहे, पण हे मला पटलेलं नाही. खाली नाव आणि पूर्ण पत्ता. आईनं ते डब्यात लपवलं. त्यांनी डबा शोधून काढला आणि चौकातल्या पेटीत टाकून आले. आई त्या रात्री झोपली नाही. उत्तर काही आलं नाही, आणि देवाच्या दयेनं पोलीसही आले नाहीत. १९७७ मध्ये देशभर काँग्रेस वाहून गेली तरी नागपूरची जागा काँग्रेसनंच जिंकली, त्यात वडिलांचंही मत होतं. आई म्हणाली, मग ते कार्ड कशाला टाकलं? ते म्हणाले, "मत देल्लं म्हणून तोंड इकलं काय?"

म्हणून भाऊ, पुढच्या वेळी मत कुणाला द्यायचं ते तुम्ही आणि बाबा ठरवा, त्यात मी पडणार नाही. पण ग्रुपवर वाद घालण्यात रात्र घालवू नका. तुमचा लोकसभा मतदारसंघ रामटेक. खासदाराचा पक्ष कोणताही असो, तुमचा प्रश्न संसदेत विचारणं त्याचं काम आहे. प्रश्नासाठी पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात असतं, तेव्हा याच आठवड्यात पत्र द्या. तारांकित प्रश्न मागा. त्याला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि उपप्रश्नही विचारता येतो. तो क्रमांकात आला नाही तर अतारांकिताचं लेखी उत्तर तरी मिळेल, आणि ते छापील राहतं.

पत्रात भाषण नको. एवढंच विचारा : कापसावरील आयात शुल्काची माफी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवताना विदर्भातल्या आवकेचा आणि बाजारभावाचा विचार केला होता काय, केला असल्यास कोणाचा सल्ला घेतला, आणि हमीभावाखाली कापूस विकावा लागलेल्या शेतकऱ्याला फरक कसा मिळणार. सोबत ६,६०० च्या सौद्याची पावती असेल तर तिची झेरॉक्स जोडा. ओलाव्याची मर्यादा बारा टक्क्यांची आहे, त्यामुळे तिथं वाद घालून उपयोग नाही. कापूस दोन-तीन दिवस उन्हात पसरून, मोजून घेऊन परत न्या. पहिला वेचा पडेल भावानं देऊ नका, असं मी अगदी हात जोडून सांगते.

गावातल्या पंधरा-वीस जणांच्या सह्या घ्या. पहिली सही बाबांची. वाचून दाखवा त्यांना, आणि त्यांना एखादा शब्द बदलावासा वाटला तर बदलू द्या.