पान वाचून झालं, आता कुठे जायचं?

प्रश्न: शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलामुलींना पुन्हा शिकतं करणाऱ्या एका संस्थेची वेबसाइट मी नोकरी सांभाळून, स्वयंसेवक म्हणून बघतो. पानं दीडशेच्या आसपास. मुलांच्या अनुभवकथा लोक आवडीने वाचतात, एकमेकांना पाठवतात. पण कथा संपली की निघून जातात. कुणीतरी ‘इंटर्नल लिंक (साइटच्याच दुसऱ्या पानावर नेणाऱ्या) वाढवा’ म्हणालं, म्हणून प्रत्येक कथेत दहा-बारा लिंक टाकल्या. प्रत्येक पानाखाली लाल रंगाचं ‘देणगी द्या’ बटणही आहे. तरी फरक नाही. अजून लिंक हव्यात का?

उत्तर: नकोत. आधी आहेत त्यातल्या निम्म्या काढा.

तुम्ही दिलेल्या पत्त्यावर जाऊन मोबाइलवर काही कथा वाचल्या. धाकट्या भावाला सांभाळायला सातवीत शाळा सोडलेल्या मुलीची कथा फार चांगली उतरली आहे. तिच्यात ‘शिक्षण’, ‘मुलगी’, ‘संस्था’, ‘समाज’ हे शब्द निळे आहेत आणि त्यातले बहुतेक मुखपृष्ठावर नेतात. ‘समाज’वर बोट ठेवून कुणाला कुठे जायचं असेल, मला तरी सुचलं नाही. त्याच कथेत पुढे एक वाक्य येतं: ‘मग ती संध्याकाळच्या वर्गाला येऊ लागली.’ इथे मी अडले. हा वर्ग कसला? शिकवतं कोण? मला शिकवता येईल का? या सगळ्याची उत्तरं देणारं पान तुमच्याकडे तयार आहे! मला ते मेन्यूत ‘उपक्रम’, मग ‘इतर उपक्रम’ असं शोधत गेल्यावर मिळालं. कथेतून तिकडे जायला वाटच नाही.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयात झाली. तालिकेत ‘हेही पाहा’ अशी नोंद करताना आम्ही एवढंच बघायचो, की या कार्डापाशी आलेला माणूस पुढे काय मागेल. लिंक टाकतानाही तेच बघायचं. वाचकाच्या मनात प्रश्न जिथे उठतो, त्याच वाक्यात लिंक हवी. एका कथेत अशा जागा दोन-तीनच निघतील, आणि तेवढ्या पुरतात.

लिंकचे शब्दही बदला. ‘अधिक वाचा’ आणि ‘येथे क्लिक करा’ हे तुमच्या पानांवर जागोजागी आहे. दृष्टिहीन वाचक पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरमध्ये पानावरच्या सगळ्या लिंकची यादी काढून ऐकू शकतात. तुमच्या यादीत त्यांना ‘अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा’ एवढंच ऐकू येईल. लिंक कुठे नेते हे तिच्या शब्दांवरून किंवा लगतच्या मजकुरावरून कळलं पाहिजे, असा वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी मानकांत २.४.४ क्रमांकाचा निकषच आहे. डोळस वाचकही पान चाळताना निळ्या शब्दांवरच थबकतो. ‘संध्याकाळच्या वर्गात कोण शिकवतं’ असे शब्द ठेवलेत, तर लिंक उघडण्याआधीच त्याला पुढचं कळतं.

आता ते लाल बटण. पाच मिनिटांपूर्वी तुमचं नावही माहीत नसलेला माणूस एक कथा वाचून लगेच पैसे कशाला देईल? त्याला आधी बघायचं असतं की काम खरंच चालतं का आणि पैसा जातो कुठे. म्हणून कथेतून वर्गाच्या पानावर, तिथून त्या वर्गाच्या खर्चाच्या पानावर आणि मग देणगीकडे, अशी वाट लावा. बटण राहू दे, पण त्याच्यावर सगळा भार नको. तुमचे वार्षिक अहवाल नुसते पीडीएफ आहेत. मोबाइलवर पीडीएफ उघडली की तुमचा मेन्यू गेला आणि बहुतेकदा वाचकही गेला. दर वर्षाच्या अहवालाचं एक साधं पान करा, त्यात कामाचा आणि खर्चाचा गोषवारा द्या आणि पीडीएफ शेवटी जोडा. देणगीच्या पानावर मात्र लिंक देताना हात आखडता घ्या: पावती आणि खर्चाबद्दलच्या लिंक फॉर्मच्या वर असाव्यात, फॉर्म भरायला लागल्यावर मध्ये काही नको.

दीडशे पानांत काही अनाथ पानं नक्की असतील, म्हणजे ज्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्याच पानावरून लिंक जात नाही अशी. गूगल नवी पानं मुख्यतः लिंकवरूनच शोधतं. कुठलं पान महत्त्वाचं हे त्याच्याकडे येणाऱ्या लिंकवरून ताडायचं, या कल्पनेवरच १९९८ साली त्यांचं शोधयंत्र उभं राहिलं. साइट चालवणाऱ्यांसाठी गूगलचं सर्च कन्सोल असतं, त्याच्या ‘लिंक्स’ अहवालात कोणत्या पानाकडे आतून किती लिंक येतात ते दिसतं. स्क्रीमिंग फ्रॉग हे साधन ५०० पत्त्यांपर्यंत फुकट चालतं, तुम्हाला बहुधा पुरेल. पण ते मुखपृष्ठापासून लिंक धरून पुढे सरकतं, त्यामुळे अनाथ पान त्याला सापडणारच नाही. त्याची यादी आणि तुमच्या अ‍ॅडमिनमधली पानांची यादी शेजारी ठेवा. दुसरीत आहे आणि पहिलीत नाही, ते अनाथ. त्यातलं प्रत्येक पान वाचवायलाच हवं असंही नाही. संपून गेलेल्या शिबिराच्या नोंदणीचं पान काढून टाका आणि तो पत्ता चालू उपक्रमाकडे ३०१ रीडायरेक्टने, म्हणजे कायमचा, वळवा.

सगळं एकदम हाती घेऊ नका. बाहेरून लोक थेट ज्या पानांवर उतरतात त्यातली वरची पाचच घ्या. वाचकांची ये-जा मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये ‘लँडिंग पेज’ या नावाखाली ती मिळतील. परिणाम बघताना एक ध्यानात असू द्या: गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ बाहेरच्या साइटकडे जाणारे क्लिक आपोआप नोंदवतं, आतल्या लिंकवरचे नाही. वाचक कुठून कुठे गेला ते ‘पाथ एक्सप्लोरेशन’मध्ये बघावं लागेल. आणि महिन्याला थोडेच वाचक येत असतील, तर टक्केवारीचा नाद सोडा. संस्थेबाहेरच्या चार-पाच जणांना ती कथा वाचायला द्या, शेजारी गप्प बसा आणि कुठे बोट थांबतं ते बघा.

प्रश्न: आमच्याच साइटवरची लिंक नव्या टॅबमध्ये उघडावी का? म्हणजे मूळ पान बंद होणार नाही, असं सहकारी म्हणतात.

उत्तर: त्याच टॅबमध्ये उघडू द्या. नव्या टॅबमध्ये मागे जायचं बटण अनेकदा चालत नाही, आणि मोबाइलवर मूळ पान कुठे गेलं हे अनेकांना कळतही नाही. ज्याला वेगळा टॅब हवा तो स्वतः उघडतो. अपवाद एकच: वाचक फॉर्म भरत असताना नियमांचं पान दाखवायचं असेल, तर भरलेला मजकूर जाऊ नये म्हणून नवा टॅब चालेल. लिंकमध्येच ‘नव्या टॅबमध्ये उघडेल’ असं लिहा.